उलटा राजहंस

“कुमुदताई, तुम्ही साडी उलटी नेसलाय.”

गारुडकर बाईंनी हे अशा आवाजात सांगितलं की जणू कुमुदताईंचा सातचा पाढा चुकला होता. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण दिसेल त्याची वही तपासायची सवय काही गेली नव्हती. वर त्या आमच्या लोणंदच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा.

“मी? उलटी?” कुमुदताई स्वतःची पाठ बघायला गर्रकन फिरल्या. पाठही अर्थातच त्यांच्याबरोबर फिरली. “चाळीस वर्षं साडी नेसतीय बाई मी. झोपेतनं उठवून नेसायला लावा, सुलटीच नेसंन.”

“मग ही किटली अशी का?”

सगळ्यांनी बघितलं. कुमुदताईंच्या पदरावरची पितळी किटली बूड वर आणि झाकण खाली करून लटकत होती. तिच्याखालच्या दोन कपबशा त्याच अवस्थेत. वाफ जमिनीकडे चालली होती.

“अगं बाई, सगळा चहा सांडला की!” बेबीताई तरडे हसत सुटल्या. मग हसता हसता त्यांची नजर बाईंच्या पाठीकडे गेली आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“काय झालं?” बाई म्हणाल्या.

“काही नाही.”

“बेबी, काय झालं?”

“बाई, रागावू नका. तुमचा राजहंस... बाजारातनं कोंबडी आणतात ना पाय धरून, तसा दिसतोय.”

मी कोपऱ्यात उभी होते. कडेवर पाच महिन्यांची ठमी आणि ओठांत सहा पिना. पिना होत्या म्हणून मी किंचाळले नाही.

कारण त्या चारही साड्या मी रंगवल्या होत्या.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. ठमी आता पहिलीत जाते आणि तिचा धाकटा भाऊ मागे झोळीत झोपलाय. तो उठायच्या आत सांगून टाकते.

मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम ठरला होता. मंडळ सुरू करणाऱ्या चौघींचा सत्कार व्हायचा होता. एकसारख्या साड्या घ्याव्यात असं निघालं, तेव्हा बेबीताई म्हणाल्या, “एकसारख्या साड्या म्हणजे बँडवाले दिसतो आपण. साडी एक असू दे, पण पदरावर जिचं तिचं काहीतरी पाहिजे.” कोण काढून देणार, असा प्रश्न आला. तेव्हा आत्या म्हणाल्या, “आमच्याकडे रंगाच्या बाटल्या वाळत पडल्यात. मृणालला सांगते.”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या तोंडून माझ्या कामाबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य, तेही बाटल्यांबद्दल.

लग्नाआधी कोल्हापुरात मी माझे सगळे कपडे स्वतः रंगवायचे. गुडघ्यावर जास्वंदी, बाहीवरून चढणारा मुंगळा, ओढणीभर चिंचेची पानं. गल्लीतली मुलं मला ‘मुंगळेवाली ताई’ म्हणायची. लोणंदला आले, ठमी झाली, आणि तेव्हापासून मी एका निळ्या कुर्त्यात राहत होते. त्याच्या खांद्यावर दुधाचा एक कायमचा डाग होता. नक्षी म्हणायची तर तेवढीच.

आणि बाहेरच्या खोलीचा प्रश्न होता. आमच्या घराला रस्त्याकडे उघडणारी एक रिकामी खोली आहे. मला ती कामाला हवी होती. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती झेरॉक्सवाल्याला द्यायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. मी एकदा घाबरत विषय काढला तर ते म्हणाले, “रंग काय, स्वयंपाकघरातही देता येतो.” आत्या तेव्हा पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नंतर भांडी लावताना मात्र म्हणाल्या, “आधी या साड्या होऊ देत. बायकांना आवडल्या तर मग बघू.”

म्हणजे चार साड्यांवर एक खोली टांगलेली होती.

मग मी प्रत्येकीकडे जाऊन विचारून आले. गारुडकर बाई म्हणाल्या, “राजहंस. मान ताठ.” कुमुदताईंची स्टँडजवळ खानावळ, त्यांना किटली हवी होती. “जेवण कुणीबी घालतं गं, चहाला बसवून घेणारं माणूस पाहिजे.” बेबीताई बावन्नाव्या वर्षी स्कूटी शिकल्या होत्या आणि तेव्हापासून कोपऱ्यावर मिरच्या आणायलाही तिच्यावरूनच जायच्या. त्यांना स्वतःचंच चित्र हवं होतं, स्कूटीवर बसलेल्या, पदर वाऱ्यावर.

चौथ्या आत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “माझं काय काढायचंय? काढ काहीतरी.”

त्यांच्यासाठी मी एक मांजर काढलं. पाय पोटाखाली घेऊन, दोन्ही डोळे मिटून बसलेलं. कुणी वरून गेलं तरी ज्याला पत्ता नसतो, तसलं. आत्या मला तशाच वाटायच्या. घरात काय चाललंय, मी हसतेय की रडतेय, याकडे त्यांचं लक्षच नसायचं.

साड्या रंगवल्या त्या ठमीच्या झोपेच्या तुकड्यांमध्ये. माजघरात झोळी, झोळीची दोरी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. साडीला रंग लागू नये म्हणून तिचं नेसायचं कापड गाठोडं करून माझ्या मांडीत, आणि पदराचं टोक ताणून समोरच्या पाटाला चिमट्यांनी लावलेलं. पायाने झोका, हाताने राजहंस. मला माझं फार कौतुक वाटायचं.

आता ज्यांना साडी नेसता येते त्यांना कळलंच असेल. मी बसले होते खांद्याच्या बाजूला. माझ्यासमोर राजहंसाचे पाय माझ्याकडे होते आणि डोकं पदराच्या टोकाकडे. आणि पदराचं टोक नेसल्यावर जातं खाली.

ओढणीवर मी आयुष्यभर पानंफुलंच काढली. त्यांना वर-खाली नसतं. साडी पहिल्यांदाच हातात घेतली होती, आणि दुसऱ्याची कोरी साडी नेसून बघायची माझी हिंमत नव्हती. रंग पक्का व्हायला इस्त्री फिरवावी लागते, ती आत्यांनी केली. चार साड्यांना त्यांनी दोन दिवस लावले. दार लोटून घेऊन करायच्या. “गार वाऱ्याने इस्त्री निवते,” म्हणाल्या. झाल्यावर घड्या माझ्या हातात दिल्या आणि एक शब्द बोलल्या.

“झाल्या.”

कार्यक्रमाच्या दिवशी मंगल कार्यालयातल्या वधूच्या खोलीत त्या घड्या पहिल्यांदा उघडल्या. आरशावर कुठल्याशा नवरीच्या तीन टिकल्या चिकटलेल्या होत्या. बाहेर माणसं भरत होती आणि माईकवर कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं.

“नेसण्यातच चूक आहे,” कुमुदताईंनी जाहीर केलं. “हे टोक आत खोचून बघते.” त्यांनी साडी सोडली, दुसऱ्या बाजूने नेसली. किटली निऱ्यांत गेली. आता चहा गुडघ्याशी.

“आतली बाजू बाहेर काढा,” बेबीताई म्हणाल्या. काढली. किटली उलटी ती उलटीच, वर फिकी.

“गुजराती पदर घेऊ या? पुढे?”

“म्हणजे लोकांना मागं जायची तसदी नको,” कुमुदताई म्हणाल्या. “समोरनंच हसतील.”

“माझं बघा की,” बेबीताई पाठ करून उभ्या राहिल्या. चाकं वर, बेबीताई खाली, पदर रस्त्यावर. “आमचे हे हॉलमध्ये बसलेत. आधीच म्हणत असतात एक दिवस पडशील म्हणून. त्यांना फोटोच मिळाला.”

गारुडकर बाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. मी ओठांतल्या पिना एकेक करून काढल्या.

“मृणाल.”

“बाई, चूक माझी आहे. मी उलट्या बाजूला बसले.”

“किती साड्यांना?”

“चारही.”

“म्हणजे पहिलीला चुकलं आणि पुढच्या तीन वेळा तू तेच गिरवलंस.” बाईंनी घड्याळ बघितलं. “वीस मिनिटं आहेत. ज्यांचं घर जवळ आहे त्यांनी फोन करा. असेल ती साडी मागवा. माझी इरकली कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. या साड्या पिशवीत जाऊ देत.”

पिशवीत. मला बाहेरच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन दिसायला लागलं. हिरवा दिवा इकडून तिकडे जाणारा.

मी रडले नाही, कारण माझ्याआधी ठमीने सुरू केलं. आणि ती एकदा सुरू झाली की मधे थांबत नसे. बेबीताई फोनवर ओरडत होत्या, “नाही, हिरवी नको, हिरवीचा ब्लाऊज उसवलाय!” कुमुदताई अर्ध्या नेसलेल्या साडीत गिरक्या घेत होत्या. या सगळ्यात आत्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर चष्मा पुसत बसल्या होत्या, जणू एसटीला वेळ आहे. नेसून, पिन लावून तयार. पाठीवर मांजर डोक्यावर उभं.

“दे इकडं,” त्या म्हणाल्या आणि ठमीला डाव्या खांद्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

ठमी गप्प झाली. मला वाटलं, आजीचा हात ओळखीचा, म्हणून.

आत्या दोन फेऱ्या मारून बरोबर गारुडकर बाईंच्या समोर थांबल्या. “बाई, जरा धरता का हिला? माझ्या निऱ्या सुटल्यात.”

बाईंना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्यांनी ठमीला हजेरीपुस्तकासारखं छातीशी धरलं. ठमीने तोंड वाकडं केलं. “खांद्यावर,” आत्या म्हणाल्या. “असं. मान बाहेर.”

ठमीने बाईंच्या खांद्यावर हनुवटी टेकली, खाली बघितलं आणि एकदम “अग्गू!” केलं.

“द्या बाई, साडीवर लाळ गाळेल,” म्हणून मी तिला घेतलं. माझ्या निळ्या कुर्त्याकडे तिने क्षणभर बघितलं आणि भोंगा सुरू केला.

“दे,” बाई म्हणाल्या. घेतली. गप्प.

बाईंच्या भुवया वर गेल्या. तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. “कुमुदताई, तुम्ही घ्या बघू.”

कुमुदताईंनी कशीबशी पदराची बाजू पुन्हा खांद्यावर टाकली आणि ठमीला घेतलं. गप्प. वर दोन्ही हात खाली सोडून किटली धरायला बघू लागली.

“बेबी.”

बेबीताईंच्या खांद्यावर तर ती खदखदून हसली. पाच महिन्यांत ती एवढ्या मोठ्याने कधी हसली नव्हती.

“आता आईकडे.”

भोंगा.

“पुन्हा बेबी.”

हसू.

“हिला तिथून काय दिसतंय?” बाई म्हणाल्या. आणि मग आमच्या मंडळाच्या अध्यक्षा, ज्यांच्यासमोर माझा नवरा अजूनही शर्टाचं वरचं बटण लावतो, त्या बेबीताईंच्या मागे नाही तर समोर जाऊन उभ्या राहिल्या, चवड्यांवर उंच झाल्या, आणि त्यांनी बेबीताईंच्या रिकाम्या खांद्यावरून मान पुढे काढून हनुवटी टेकवली. एका खांद्यावर ठमी, दुसऱ्यावर गारुडकर बाई. दोघी खाली बघत होत्या.

“बाई, गुदगुल्या होतायत,” बेबीताई म्हणाल्या.

“हलू नकोस. अगं बाई!” बाईंचा आवाजच बदलला. “स्कूटी रस्त्यावर आहे! चाकं खाली, तू वर, पदर वाऱ्यावर. सगळं सुलट!”

मग कुमुदताईंनी बाईंच्या खांद्यावरून राजहंस बघितला. मान ताठ होती. बेबीताईंनी कुमुदताईंच्या खांद्यावरून किटली बघितली आणि “चहा तयार आहे!” म्हणून ओरडल्या. तेवढ्यात कार्यकर्ती मुलगी बोलवायला आत आली आणि चार-पाच बायका एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या बघून हळूच दार लावून निघून गेली.

“साड्या बदलायच्या नाहीत,” बाईंनी सांगितलं. “मृणाल, हे तू आधी का बोलली नाहीस?”

“बाई, पण मी खरंच—”

“विनय पुरे.”

मी आत्यांकडे बघितलं. त्या खुर्चीवर बसून पुन्हा चष्मा पुसत होत्या. त्यांच्या निऱ्या इस्त्रीतून काढल्यासारख्या जागच्या जागी होत्या.

सत्कार झाले, नारळ झाले. बेबीताईंनी ठरवल्याप्रमाणे “आता आमचे पदर बघा” म्हटलं आणि चौघी प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच. बेबीताईंच्या यजमानांचा आवाज मला वेगळा ओळखू आला, “पडली! म्हटलं होतं मी!”

बाईंनी त्यांना पोटभर हसू दिलं. वर्गाला द्यायच्या तसं. मग माईक हातात घेतला.

“झालं हसून? आता ऐका. लोक मागून काय बघतील म्हणून आपण जन्मभर पदर सारखा करत आलो. ही चित्रं मागच्यांसाठी नाहीतच. आमच्या खांद्यावर जे माणूस असतं, त्याच्यासाठी आहेत. तिथून सगळं सुलट दिसतं. आता प्रात्यक्षिक दाखवते. मृणाल, बाळाला आण.”

मी स्टेजवर ठमीला नेऊन बाईंच्या खांद्यावर ठेवलं. हॉलमधली माणसं उठून उभी राहिली. बाई वळल्या. सगळे ठमीच्या तोंडाकडे बघत होते.

ठमी तेवढ्यात झोपली होती. तोंड उघडं, आणि राजहंसाच्या पायांशी लाळेचं एक छोटंसं तळं.

मी डोळे मिटून घेतले. ज्या बाईंचा एकही प्रयोग कधी फसला नव्हता, त्यांनी मान वळवून त्या उघड्या तोंडाकडे बघितलं. मग माईक अगदी ओठांजवळ आणला.

“झोपलीय,” त्या पुटपुटल्या. “टाळ्या हळू वाजवा.”

आणि अख्ख्या हॉलने हळू टाळ्या वाजवल्या. पुरुषांनीसुद्धा. एवढी माणसं एवढ्या हळू टाळ्या वाजवताना मी नंतर कधी ऐकली नाहीत.

खाली उतरल्यावर दोन आज्यांनी आणि एका अवघडलेल्या मुलीने माझा हात धरला. तिघींनाही उलटंच हवं होतं. “सुलट काढू नको हं,” एक आजी बजावून गेली.

घरी आल्यावर आत्या माजघरात साडीची घडी घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं.

“आत्या, तुमच्या निऱ्या सुटल्या नव्हत्या.”

“नव्हत्याच.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“इस्त्री करताना दिसलं. मांजर डोक्यावर उभं.” त्यांनी काठाला काठ जुळवला. “म्हटलं, नेसून तर बघू किती वाईट दिसतंय. नेसले, तर ही उठली. घेतली खांद्यावर, तर गप्प. दुसऱ्या दिवशी परत नेसले. परत गप्प.”

“मग मला सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर तू रडली असतीस. तू रडलीस की ही रडते. साड्या तशाच राहिल्या असत्या.”

“निदान बाईंना तरी. माझा जीव गेला होता तिथं.”

“दुसऱ्यानं सांगितलेलं गारुडकर बाईंना कधी पटलंय? त्यांचं त्यांना सापडावं लागतं.”

घडी झाली. आत्यांनी कमरेची किल्ली काढून घडीवर ठेवली. बाहेरच्या खोलीची.

“मामांना विचारलंत?”

“विचारलं नाही. सांगितलं.”

“कधी? आपण तर आत्ताच आलो.”

“काल.”

काल. साड्या उलट्या आहेत हे माहीत असताना. मी किल्ली उचलून मुठीत घट्ट धरली. आत्यांनी ते बघितलं असणार, कारण त्यांनी लगेच घडी पुन्हा उघडली आणि पदर माझ्यासमोर धरला.

“यात एक चुकलंय मात्र.”

“आता काय?”

“दोन्ही डोळे मिटलेत याचे.”

“झोपलंय ते, आत्या.”

“मांजर असं झोपत नसतं. दिसतं तसं.” त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. “एक डोळा जरासा उघडा ठेव.”

मी ठमीला झोळीत ठेवलं, दोरी अंगठ्याला बांधली. साडीचं गाठोडं मांडीत घेतलं, पदराचं टोक समोरच्या पाटाला लावलं, पुन्हा त्याच चुकीच्या बाजूला बसले. आणि सगळ्यात बारीक ब्रशने, पिवळ्या रंगाचा एक थेंब घेऊन, मांजराचा डावा डोळा उघडला.